बरा झालेला पाय

माझा उजवा पाय डाव्यापेक्षा बोटाच्या पेराएवढा आखूड आहे आणि घोट्यापासून पाऊल जरा आत वळलेलं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण नव्यानं ओळख झालेली माणसं माझ्या तोंडाकडे बघत बोलतात आणि मधूनच नजर खाली टाकून येतात. काही धीट असतात. "लहानपणी ताप आला होता का?" असं सरळ विचारतात. ताप नव्हता, मी खो-खो खेळत होते, असं सांगितलं की त्यांचं समाधान होतं. खेळात पाय मोडला, झालं. मुलीच्या जातीनं कशाला एवढं धावायचं, हा पुढचा भाग ते मनातल्या मनात म्हणतात, पण मला तो ऐकू येतो.

बाहत्तरचा दुष्काळ पडायच्या आधीच्या वर्षीची गोष्ट आहे. मी तेरा वर्षांची होते. रहिमतपूरपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर आमचं गाव आणि रहिमतपूरच्या शाळेत मी आठवीला. शाळेत मुलींचा खो-खोचा संघ होता. तो आमच्या ड्रिलच्या सरांनी घरोघर हिंडून, आईबापांची मनधरणी करून जमवला होता. आमचं मैदान म्हणजे मुरमाची उघडी जागा. तिथं रोज कुणाचं तरी ढोपर फुटायचं. खरचटणं आम्ही दुखण्यात धरतच नव्हतो. फुटलेल्या ढोपरावर तिथलीच बारीक माती दाबायची, घरी गेल्यावर आईनं शिव्या घालत हळद दाबायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच खपलीवर पुन्हा पडायचं, असा रिवाज होता. एकीच्या अंगठ्याचं नख उखडलं होतं. एकीची करंगळी निखळली, ती सरांनी जागच्या जागी ओढून बसवली आणि ती बया डाव संपेपर्यंत खेळली. मुरगळणं तर सर्दीपडशासारखं. या सगळ्याचा आम्हाला अभिमान होता, खोटं कशाला बोलू. घरात आम्हाला शाबासकी मिळावी असं दुसरं काही आमच्याकडे नव्हतंच.

मी वळण्यात पटाईत होते. पाठलाग करताना टोकाच्या खुंटापर्यंत पळत जायचं, खुंटाला एका हाताचा विळखा घालायचा आणि वेग न मोडता गर्रकन पलीकडून निघायचं, हे संघात माझ्याइतकं कुणाला जमायचं नाही. सर दुसऱ्या मुलींना थांबवून म्हणायचे, "हिच्याकडं बघा." तेवढं एक वाक्य मी घरी चालत येताना शंभर वेळा आठवायची.

त्या हिवाळ्यात सांगलीला, विश्रामबागेतल्या मैदानावर सामने होणार होते आणि आमचा संघ तिकडे जाणार होता. मी सांगली पाहिलेली नव्हती. आठ दिवसांवर जाणं आलं असताना सरावात माझा पाय मोडला. खुंटाजवळ सगळ्याजणी वळून वळून जमिनीत बशीसारखा खड्डा पडला होता. माझं पाऊल त्या खड्ड्यात अडकलं आणि बाकीची मी वळले. सुकी काटकी मोडल्यासारखा आवाज आला. सर धावत आले, त्यांनी पाय दाबून बघितला आणि म्हणाले, "मुरगळलाय. चाल, चाल. बसू नको, बसलीस की धरंल." मी मोडक्या पायानं मैदानाला चक्कर मारली. अर्धी दुसरी मारली आणि मग मला डोळ्यांपुढं अंधारी आली.

वडील सायकल घेऊन शाळेत आले. ते सैन्यातून हवालदार होऊन पेन्शनवर आलेले होते आणि आता उसाचा मळा बघत होते. त्यांनी घोट्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "हे मुरगळनं न्हवं. फ्रॅक्चर हाय." घरी आत्यानं चोळणाऱ्या बाईला बोलावणं धाडायची तयारी केली होती. आत्या म्हणजे वडिलांची थोरली विधवा बहीण, घरात तिचाच शब्द चालायचा. पण त्या दिवशी वडिलांनी तिला गप्प केलं. "मोडलेलं हाड चोळत्यात व्हय? आर्मीत असं कुनी केलं तर कोर्टमार्शल हुईल." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं त्यांनी मला साताऱ्याला नेलं, स्टँडपासून पाठुंगळीला घेऊन दवाखान्यापर्यंत. तेव्हा मला त्यांचा केवढा अभिमान वाटला होता! म्हणून तर पुढे जे झालं ते गिळता येत नाही. वडिलांना अडाणी म्हणून सोडून देण्याची सोय मला नाही. त्यांना कळत होतं.

डॉक्टरांनी फोटो काढला, प्लास्टर घातलं आणि वडिलांना समोर बसवून सांगितलं, "हवालदारसाहेब, हाड साधं मोडलेलं नाही. जिथून ते वाढतं ते टोक निखळलंय. पोरीची अजून उंची वाढायचीय. सहा आठवडे प्लास्टर काढायचं नाही आणि पाऊल जमिनीला लावायचं नाही. मी म्हणतो तसं राखलंत तर पुढच्या वर्षी पोरगी पळेल." वडील म्हणाले, "येस सर." मी त्यातलं 'पुढच्या वर्षी पळेल' एवढंच पदरात बांधून घरी आले.

सोप्यातल्या खाटेवर मी पडून राहायची. संघातल्या मुली सांगलीहून हरून आल्या आणि सगळ्या मला भेटायला आल्या. त्यांनी माझ्या प्लास्टरवर शाईच्या पेनानं आपापली नक्षी काढली. कुणी तुळस काढली, कुणी खुंट काढला. प्लास्टरच्या आत खाज सुटायची तेव्हा मी खराट्याची काडी आत घालून खाजवायची. आक्का, माझी थोरली बहीण, मला उचलून परसात न्यायची, वेणी घालायची. दिवस कंटाळवाणे होते पण मी ते मोजून घालवत होते, कारण पलीकडे पुढचं वर्ष होतं.

तिसरा आठवडा संपत आला आणि निरोप आला. सांगलीची माणसं रविवारी आक्काला बघायला येणार होती. मुलगा बँकेत नोकरीला, विश्रामबागेत स्वतःचं घर, माणसं निर्व्यसनी. आमच्या घरात आनंद व्हायला हवा होता, पण झाली धावपळ आणि कुजबुज. कारण आधीच्या वर्षी आक्काचं एक ठरत आलेलं मोडलं होतं. माझे धाकटे चुलते लहानपणीच्या तापानं एका पायानं अधू होते. त्या लोकांनी त्यांना अंगणातून जाताना पाहिलं आणि परत गेल्यावर 'घराण्यात पांगळेपणा दिसतो' असा निरोप पाठवला. तेव्हापासून पाहुणे यायचे असले की चुलत्यांना मळ्यात पाठवायचे. ते न सांगताच जायचे. भाकरी फडक्यात बांधून घ्यायचे आणि दिवस मावळल्यावर यायचे.

शनिवारी दुपारी सोप्यात बैठक बसली. मी तिथंच खाटेवर होते, पण माझ्यादेखत माझ्याबद्दल बोलायला कुणाला संकोच वाटला नाही.

आत्या म्हणाली, "चुलता लंगडा, धाकटी प्लास्टरात. पावन्यांनी बगितलं तर थोरलीचं काय बगायचं ऱ्हायलं?"

आई म्हणाली, "हिला औंधला माझ्या भनीकडं धाडू या की. चार दिस ऱ्हाईल."

"आनि बायकांनी इचारलं धाकटी कुटं हाय, तर? लपिवली म्हंजे खोट हायच, न्हाई तर कशाला लपिवली असती?"

"पर डाक्टर सहा आठवडं म्हनालाय, आवं."

आई हे वडिलांकडे बघून म्हणाली. वडील बराच वेळ मिशीवरून बोट फिरवत बसले. मला अजून वाटत होतं, ते कोर्टमार्शल काढतील. ते म्हणाले, "पोरासोरांचं हाड लवकर सांधतंय. आनि एका दिवसाचा तर सवाल हाय. पावनं गेलं की सोमवारी साताऱ्याला नेऊन परत घालून आनू."

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी हो म्हणाले असते, आक्कावर माझा तेवढा जीव होता. पण विचारायला पाहिजे होतं, एवढं मी आज साठी उलटल्यावरही म्हणते.

बंबातलं ऊन पाणी घंगाळात ओतलं आणि त्यात माझा पाय बुडवून ठेवला. शाईची तुळस आणि खुंट विरघळून पाणी निळं झालं. प्लास्टर मऊ पडल्यावर वडिलांनी पत्रा कापायची कात्री घेतली. कातडीला लागू नये म्हणून ते जपून, टोक वर धरून कापत होते. त्यांचा हात हलका होता, हेही सांगितलं पाहिजे. आक्का माझं पाऊल दोन्ही हातांनी सरळ धरून बसली होती आणि रडत होती. ती रडत होती म्हणून मी रडले नाही. आतून निघालेला पाय माझा वाटतच नव्हता. बारीक, पांढरा, कोंडा सुटलेला आणि ओशट वासाचा. घोट्याशी फुगीर. आत्यानं खोबरेल लावून तो चोळून काढला, लोकांच्या नजरेला बरा दिसावा म्हणून.

मग अंगणात माझी परेड झाली. वडिलांनी पलटणीत नवी भरती झालेल्या पोरांना चालायला शिकवलं होतं, ते आता मला शिकवत होते. "टाच आदी टेकव. गुडघा वाकडा करू नगं. खाली काय बगतीस? वर बग, समोर." सोप्यापासून तुळशीपर्यंत आणि परत. पायात कुणीतरी सुरी फिरवत असल्यासारखं होत होतं. मी ओठ चावला की ते म्हणायचे, "तोंड सरळ." खो-खोत मी कधी एवढा सराव केला नव्हता. शेवटी ते म्हणाले, "फिट. उद्या एवढंच चालायचं, ताट द्यायचं आनि माघारी फिरायचं." त्यांच्या आवाजात समाधान होतं. त्याचा मला तेव्हाही राग आला आणि अजून येतो.

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, आई आणि मध्यस्थ. चुलते सकाळीच मळ्यात गेले होते. मी पोह्यांचं ताट घेऊन सोप्यात आले. टाच आधी टेकवत, समोर बघत आले. मुलाच्या वडिलांनी ताट घेतलं, माझ्याकडे बघितलं आणि सहज विचारलं, "ही धाकटी न्हवं? पाय मोडलाय म्हनं हिचा. प्लास्टर काढलं व्हय एवढ्यात?"

म्हणजे त्यांना माहीत होतं. रहिमतपूरच्या स्टँडवर उतरून त्यांनी आमचं घर विचारलं, तेव्हाच कुणीतरी 'ज्यांच्या पोरीचा पाय मोडलाय ते हवालदार का?' म्हणून विचारलं असणार. आमच्या भागात कुणाच्या घरी काय शिजलं हेसुद्धा स्टँडवर आधी कळतं, मग घरातल्यांना. खरं सांगायची ती वेळ होती. 'आजच्यापुरतं काढलंय, उद्या परत घालणार' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. वडील ताठ बसून म्हणाले, "व्हय, काढलं. बरा झालाय पाय. एकदम फिट."

"बरं झालं," पाहुणे म्हणाले आणि पोहे खाऊ लागले. मी माघारी फिरले. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला आणि भुईवर बसले.

आक्का पसंत पडली. संध्याकाळपर्यंत माझा घोटा नारळाएवढा झाला आणि निळा पडला. सोमवारी आई मला साताऱ्याला न्यायचं म्हणून दशम्या बांधून तयार बसली. वडील पायताण घालून बाहेर निघाले होते, ते मळ्याकडे. आई म्हणाली, "आवं, पोरीला न्यायचं हाय न्हवं?"

"कुटं न्यायचं? काल चारचौघांत बरा झालाय म्हनालो. आज परत प्लास्टर? परवा सुपारी फोडायला ती मानसं हितं येनार. काय सांगू त्यास्नी? माज्या जिभेला काय हाड न्हाई म्हनून?"

"पर तुमीच म्हनाला हुता, सोमवारी..."

"एकदा शब्द दिला की दिला."

शब्द त्यांनी मलाही दिला होता. पण पोरीला दिलेला शब्द हा शब्दात धरायचा नसतो. पाहुण्याला दिलेला खोटा शब्द खरा करायचा, भले त्यापायी पोरीचा खरा पाय खोटा पडो, याला आमच्याकडे मान म्हणतात. आणि असा मान सांभाळणाऱ्या माणसाला लोक बाणेदार म्हणतात. माझ्या वडिलांना गावात सगळे बाणेदारच म्हणत.

मग सुपारी फुटली, याद्या झाल्या आणि महिन्याच्या आतच लग्न झालं. तोवर आत्या रोज रात्री आंबेहळदीचा लेप लावायची आणि सकाळी धुऊन टाकायची, म्हणजे पिवळं दिसू नये. परकर घोट्याच्या खाली येईल असा शिवला. लग्नात मी करवली. कलश घेऊन उन्हात अनवाणी उभी राहिले. व्याही येता-जाता "काय, पाय कसा हाय?" असं विचारायचे आणि वडील माझ्याआधीच "फिट" म्हणून सांगायचे. पुढे पुढे मीच सांगू लागले.

आक्का सासरी गेल्यावर आईनं हट्टच धरला. आयुष्यात एकदाच तिनं दोन दिवस चूल पेटवली नाही. तेव्हा कुठे आम्ही साताऱ्याला गेलो. डॉक्टरांनी नवा फोटो उजेडाला धरला आणि वडिलांवर असे काही ओरडले की बाहेर बसलेली माणसं दारात येऊन बघू लागली. टोक सरकून तसंच वाकडं जुळलं होतं. वडील अटेन्शनमध्ये उभे होते. शेवटी डॉक्टर थकून खाली बसले आणि जरा खालच्या आवाजात म्हणाले, "अशा मोडण्यात कधी कधी सगळं नीट करूनही वाढ थांबते. नाही असं नाही. पण तुम्ही तिला संधीच दिली नाहीत."

वडिलांनी त्यातलं मधलं तेवढं उचललं. 'डाक्टरच म्हनाला, नीट करूनबी व्हायचं ते हुतंच.' हे ते मरेपर्यंत म्हणत राहिले. आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात जास्त जाळतं ते हेच. प्लास्टर राहिलं असतं तर मी पळाले असते की नाही, हे मला कधीच कळणार नाही. दोष द्यायलासुद्धा मला पुरती जागा ठेवली नाही.

पुढच्या वर्षी मी मैदानावर गेले. सरांनी मला संघात बसवलं. पाठीवर 'खो' पडला, मी उठले, खुंटापर्यंत गेले, हाताचा विळखा घातला आणि वळले. पाऊल वळलंच नाही. मी तोंडावर पडले. मुलींपैकी कुणीही हसलं नाही, आणि हसल्या असत्या तर बरं झालं असतं. सरांनी मला बाजूला बसवून हातात गुण लिहायचा कागद दिला. त्या वर्षी मी दुसऱ्यांचे गुण लिहिले. त्याच्या पुढच्या वर्षी तेही सोडलं.

पाय वाढत गेला तसा वाकडा होत गेला. घरात मात्र एक नवीनच गोष्ट रुजली. कुणी विचारलं की आत्या सांगायची, "खेळापायी झालं." वडीलही तेच सांगू लागले. मला बघायला लोक येऊ लागले, "जरा चालून दाखव" म्हणू लागले, तेव्हाही वडील पुढे होऊन म्हणायचे, "खो-खो खेळताना पडली हो. आमी नगं नगं म्हनत हुतो." त्यांनी कधी नको म्हटलं नव्हतं. पण इतक्या वेळा सांगितलं की त्यांना ते खरं वाटू लागलं. भावकीतल्या दोघी मुलींचा खेळ माझ्या पायाकडे बोट दाखवून बंद करण्यात आला. शाळेतला मुलींचा संघही पुढे मोडला. सर बदलून गेले होते, पण गावात सगळे म्हणत, हवालदाराच्या पोरीचं झालं तेव्हापासून कुणी आपली पोरगी देत नाही.

विश्रामबाग मी पाहिली ती आक्काच्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी. पहिलं माहेरी झालं, दुसरं सासरी, म्हणून मदतीला मी गेले. तेव्हा मी वीस वर्षांची असेन. घर चांगलं होतं, माणसं खरोखरच चांगली होती, आक्का सुखात होती. तिला सातवा लागला होता तरी ती सगळ्यांना वाढायला उभी राहायची, कुणाचं ऐकायची नाही. तिची धाकटी नणंद बारा वर्षांची, वाऱ्यासारखी पोर. एके रात्री जेवताना ती वडिलांना म्हणाली, "दादा, मला शाळेच्या खो-खोत घेतलंय. सामन्याला पाठवाल न्हवं?"

सासऱ्यांनी हसून काही बोलायला तोंड उघडलं, तोच आक्का हातातली आमटीची पळी तशीच धरून म्हणाली, "मामंजी, नगं. आमच्या हिचा पाय बघा की. खो-खोपायी जन्माचं झालं."

सगळ्यांनी माझ्या पायाकडे बघितलं. मी मांडी घालून बसू शकत नाही, एक पाय लांब करून बसते, त्यामुळे तो सगळ्यांसमोरच होता. आत्या बोलली असती, वडील बोलले असते तर मी गिळलं असतं, मला सवय होती. पण हे आक्का म्हणाली. आणि ती पोर माझ्या पायाकडे अशी बघत होती, जशी मीच तिची वैरीण आहे.

मी म्हणाले, "आक्का, खो-खोनं न्हाई गेला माझा पाय. खो-खोत मोडला होता, तो जुळत होता. प्लास्टर अर्ध्यात काढलं म्हणून गेला. तुला बघायला ही माणसं येणार होती म्हणून काढलं. पाऊल तूच धरलं होतंस."

आक्काचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता वडिलांचं खोटं उघडं पडलं, आता या घरात आक्काला कायमचं ऐकून घ्यावं लागणार. वाटलं तरी मला वाईट वाटलं नाही. अंगातून ताप उतरल्यासारखं झालं होतं.

सासरे घास हातात धरून बसले होते. ते अगदी मायेनं म्हणाले, "पोरी, ते आमाला तवाच कळलं हुतं. तू ताट घिऊन आलीस तवा घोटा केवढा सुजलेला! घामानं डबडबली हुतीस. ही मला वाटेत म्हनालीबी, पोरीचं प्लास्टर आपल्यापायी काढलंया. पर तुज्या वडलांनी बरा झालाय म्हनल्यावर आमी काय बोलायचं? त्यांच्या सोप्यात बसून त्यास्नी खोटं पाडायचं? मानसाचा मान असतो. लग्नापत्तोर आमी तो राखला."

सासूबाईंनी मान डोलावली. त्या दोघांना वाटत होतं, हे ऐकून मला बरं वाटेल.

मी विचारलं, "आवं मामा, आणि प्लास्टर तसंच ठेवलं असतं तर? तुम्ही आक्काला नाही म्हणाला असता?"

"छ्या, छ्या," ते म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "पाय मोडतोय की पोरांचा. त्यात काय हाय?" आणि मुलीकडे वळून म्हणाले, "जा गं, खेळ तू."

पोर आनंदानं उडी मारून उठली. सासऱ्यांनी हातातला घास तोंडात घातला आणि आक्काला म्हणाले, "हिला वाढ की." आक्कानं माझ्या भातावर आमटी वाढली. ती माझ्याकडे बघत नव्हती. मला ताटावरून उठून बाहेर जायचं होतं, त्या अंगणात उभं राहून ओरडायचं होतं. पण भरल्या ताटावरून उठले असते तर त्या घराचा मान गेला असता. मी सगळा भात खाल्ला.